विमानाचे बूट

१

थोरल्याचं एक वागणं बाईंना मनापासून खटकायचं. फोनवर तो आधी अंतर सांगायचा आणि मग तब्येत विचारायचा.

"आई, दोन दिवस यायला, दोन दिवस जायला. रजा दहा दिवसांची. त्यातले चार आभाळातच गेले तर उरतं काय?"

अकरा वर्षांत त्याने हे इतक्यांदा ऐकवलं होतं की बाईंना तोंडपाठ झालं होतं. एरवी बाईंचं पाठांतर यथातथाच. शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या, तिसरीच्या मास्तरांशी त्यांचं पटलं नाही. अक्षरांशी त्यांची जेमतेम ओळख होती. आकड्यांशी मात्र घरोबा, कारण बुटांच्या दुकानात आकडा चुकला की गिऱ्हाईक लंगडतं.

या वेळी थोरला खरंच येत होता. रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन आला. मागे कुणीतरी बाई गोड आवाजात विमानांची नावं पुकारत होती.

"विमानतळावर आहे आई. आता बसतोच आहे. मंगळवारी अकरापर्यंत घरी. आणि हे बघ, शनिवारी परत निघताना तुझंही तिकीट काढलंय."

"कुणी सांगितलं होतं?"

"पुरे झालं आता ते दुकान. वय बघ तुझं. तिथे माझ्या घरात खोल्या रिकाम्या पडल्यात."

"माझी वही आहे तोवर माझं दुकान आहे," बाई म्हणाल्या. "वही गेली की बघू."

हे वाक्य बाईसुद्धा अकरा वर्षं ऐकवत होत्या. मायलेकरांची त्या बाबतीत बरोबरी होती.

वही म्हणजे पायांची वही. यजमानांनी लग्नाच्या वर्षी सुरू केलेली, जाड पुठ्ठ्याची, उचलताना दोन्ही हात लागतील अशी. कारखान्यातला बूट ज्यांना होत नाही अशा चारशे माणसांचे पाय तिच्यात पेन्सिलीने उतरवलेले होते. एक पाय आखूड असलेला पोस्टमन, सहा बोटांचे जज्जसाहेब, उभं राहून राहून तळवे सपाट झालेली नर्स. पाय बदलला की जुन्या रेषेबाहेर नवी रेष निघायची. नावं यजमानांच्या अक्षरात होती, पण बाईंना नावांची गरज नव्हती. त्या अंगठ्यावरून माणूस ओळखत. यजमान जाऊन पाच वर्षं झाली, तरी त्या वहीच्या जिवावर दुकान चाललं होतं. वहीवाचून दुकान म्हणजे नुसतं कातडं आणि खिळे.

सोमवारी एक वाजता नेहमीप्रमाणे दुकान जेवायला बंद झालं. तीनला बाई जिना उतरून मागच्या बोळकांडीत आल्या. बोळकांडीचं रस्त्याकडचं दार दिवसभर उघडंच असायचं. तिथे यजमानांनी हौसेने केलेले दोन राक्षसी बूट उभे होते, एकेकात लहान पोर बसेल एवढे. दुकानाच्या मागच्या दाराची किल्ली त्यातल्या डाव्या बुटात असायची. बाईंनी डाव्यात हात घातला. किल्ली नव्हती. उजव्यात घातला, तिथे सापडली.

"सूनबाई, दीड वर्ष झालं तुला या घरात येऊन. डावं-उजवं अजून कळत नाही?"

"मी कुठे हात लावला आई?" वरून आवाज आला.

पुटपुटत बाईंनी दार उघडलं, दिवा लावला आणि फळीकडे बघितलं. गल्ला जागच्या जागी होता. कातड्याचे गुंडाळे होते, कापायची रापी होती, हातोडी होती. वहीच्या जागी मात्र धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता.

२

"पोलिसांना कळवू या का?" धाकट्याने पलंगावरून विचारलं. तो दुकानाच्याच शिडीवरून पडला होता आणि पाच आठवडे उजवा पाय प्लास्टरमध्ये घालून छताकडे बघत होता.

"काय कळवू? चारशे पाय हरवले म्हणून? ते आधी धडं शोधायला लागतील."

"मग आता?"

"माझं मी बघते. तू संशयातून सुटलास. प्लास्टरचे आभार मान."

गल्ल्याला हात न लावता वही नेतो तो चोर वहीची किंमत जाणणारा. किल्लीची जागा ठाऊक असणारा. अशी माणसं तीनच. सूनबाई, दुकानातला कारागीर, आणि वरच्या मजल्यावर भाड्याने असलेला तिकीटवाला, कारण तो रोज त्याच बोळकांडीतून चढतो-उतरतो आणि देवाने त्याला डोळे दिलेत.

बाईंनी खाकी कागदाचा गुंडाळा काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि जाहीर करून टाकलं की आजपासून नवी वही, सुरुवात घरच्या पायांपासून. चौकशीची त्यांची हीच रीत होती. खुर्चीत ऐसपैस बसलेला माणूस खुशाल थापा मारतो. पण अनवाणी कागदावर उभं करून पायाच्या बोटांमधून पेन्सिल फिरवली की त्याचं निम्मं लक्ष गुदगुल्यांकडे जातं, आणि उरलेल्या निम्म्यात थाप नीट बसत नाही.

पहिली सूनबाई.

"भार दोन्ही पायांवर दे. एक ते तीन कुठे होतीस?"

"ह्यांचं औषध आणायला गेले होते."

"औषधाचं दुकान इथून चौथं. हा टाचेवरचा फोड चौथ्या दुकानाचा नाही."

सूनबाईने टाच मागे ओढली.

"नवा सँडल. मागे पट्टा, आतली शिवण उघडी. म्हणजे कारखान्याचा माल. कुणी दिला?"

सूनबाईने आधी भिंतीकडे बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं, आणि दोन्हीकडून मदत येईना तेव्हा सांगून टाकलं. कोपऱ्यावर कारखान्याचा माणूस भेटायला आला होता. नमुने दाखवत होता. दुकानात एक काचेचं कपाट ठेवून तयार माल विकायचा तिचा विचार होता. चालून बघायला म्हणून ती ते सँडल घालून बाजाराला दोन फेऱ्या मारून आली.

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"तुम्ही हो म्हणणार होता का? ती वही फळीवर असेपर्यंत या दुकानात दुसरं काही शिरेल का?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. धाकट्याने प्लास्टरसकट उठायचा प्रयत्न केला.

"म्हणजे वही गेली ते तुझ्या पथ्यावरच पडलं," बाई म्हणाल्या.

"आई, मला काचेचं कपाट हवंय. तुमची वही नकोय." सूनबाईचे डोळे भरले.

बाईंनी फोडावर पट्टी चिकटवली. हळूच चिकटवली. पण पेन्सिलीला पुन्हा टोक केलं.

३

कारागीर वर्षभरापूर्वी कामाला लागला होता. हात सोन्याचा, तोंड कुलपाचं. तो कागदावर उभा राहिला आणि बाईंनी त्याचा तळवा उलटा करून बघितला. टाचेच्या भेगांत लाल धागे अडकले होते.

"जेवायला कुठे गेला होतास?"

"घरी."

"घरी लाल गालिचा अंथरलास? बरं चाललंय मग."

लाल गालिचा अख्ख्या रस्त्यावर एकाच ठिकाणी होता, समोरच्या मोठ्या दुकानात. तिथे बूट विकत नसून खुर्च्या विकतात असा बाईंचा कायमचा टोमणा होता, कारण गिऱ्हाईक बसायलाच जास्त जायचं.

"मशीन बघायला गेलो होतो मोठ्या बाई," कारागीर खाली मान घालून म्हणाला. "त्यांनी नवीन आणलंय. गालिचावर बूट काढायचे, मशीनवर पाय ठेवायचा. लाल-पिवळं चित्र येतं आणि माप निघतं."

"काय निघालं?"

"उजवा नऊ, डावा नऊ."

"तुझा डावा साडेआठ आहे."

"तेच म्हटलं मी. त्यावरून भांडण झालं. मला बाहेर काढलं त्यांनी."

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी पेन्सिलीबरोबर कानामागे खोचलं. "नुसतं मशीन बघायला नाही बोलावत कुणी. पुढचं सांग."

"वही आण म्हणाले. दुप्पट पगार देऊ."

"मग?"

"म्हटलं, आमच्याकडे त्या वहीला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागतात. तुमच्याकडे नळ कुठे दिसत नाही." त्याने मान वर केली. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे म्हणून विचारतेय. ज्याच्यावर नसतो त्याच्याशी मी बोलत नाही."

हे म्हणायला ठीक होतं. पण वहीला गिऱ्हाईक होतं आणि कारागीर त्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन आला होता, हे कागदावरच्या रेषेइतकं उघड होतं.

तिसरा तिकीटवाला. एके काळी त्याच्या दाराशी विमानाच्या तिकिटांसाठी रांग लागायची. आता जो तो फोनवर बोट फिरवून तिकीट काढतो, त्यामुळे तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून कोणतं विमान कुठून कुठे चाललंय ते बघायचा. खालच्या दुकानाची रस्त्यावरची जागा आपल्याला मिळावी, म्हणजे लोकांना आपण पुन्हा दिसू, हा त्याचा जुना हट्ट होता.

"काकू, गैरसमज नको. मी सकाळी दहाला खुर्चीत बसलो तो आत्ता तुम्ही हाक मारलीत तेव्हा उठलो."

"मोजा काढा."

मोजा काढल्यावर घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल खाच दिसली आणि खालचा पाय भिजवलेल्या पावासारखा फुगलेला. बाईंनी अंगठ्याने दाबलं. खळी पडली आणि तशीच राहिली.

"बसून बसून पाय बघा काय झालेत तुमचे. जरा चालत जा."

"विमानात बसल्यासारखे झालेत ना? मलाही तेच वाटलं," तिकीटवाला जरा अभिमानाने म्हणाला.

हा माणूस दिवसभरात जिना उतरला नव्हता. बाईंनी त्याच्या नावावर फुली मारली. उरले दोन. एकीचे डोळे खरे वाटत होते, दुसऱ्याचं भांडण खरं वाटत होतं, आणि वही तर कुणीतरी नेली होती. संध्याकाळी पोस्टमन डोकावला. त्याच्या नव्या बुटांचं माप वहीतूनच घ्यायचं होतं.

"पुढच्या आठवड्यात ये," बाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं. पुढच्या आठवड्यात आपण इथे असू की नाही हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

४

मंगळवारी अकराच्या ठोक्याला थोरला टॅक्सीतून उतरला. बूट चकचकीत, नाड्या घट्ट. वाकून नमस्कार केला, आणि कंबरेला हात लावून सोफ्यावर कोसळला.

"दमलो आई. दोन दिवस नुसतं बसून. दोनदा जेवायला दिलं, दोन्ही वेळा गार."

"थांब," बाई म्हणाल्या. "तुझे विमानाचे बूट आणते."

विमानाचे बूट ही घरातली जुनी थट्टा होती. तीन वर्षांपूर्वी थोरला आला त्या दिवशी, तो दारातून आत येतो न येतो तोच बाईंनी कौतुकाने त्याच्या पायाचं माप घेतलं. चार दिवस खपून उत्तम बूट शिवले. पाचव्या दिवशी त्याने घातले तर ते होडीसारखे हलायला लागले. बाईंच्या हातून माप चुकलं ही बातमी पोस्टमननेच चार गल्ल्यांत वाटली. विमानात बसून त्याचे पाय सुजले होते आणि बाईंनी सुजेचं माप घेतलं होतं. तेव्हापासून दुकानात नियमच झाला, प्रवासातून आलेल्याचं माप दुसऱ्या दिवशी. आणि ते बूट जपून ठेवलेले, कारण यायच्या दिवशी तरी त्याला बरोबर होतील.

थोरल्याने हसत पाय घातले आणि खोलीत दोन पावलं टाकली. फटक, फटक.

"काय आई, हे तर आजही सैल आहेत. बघ किती मोठं माप घेतलं होतंस."

सूनबाई हसली, पलंगावरून धाकटा हसला. बाईही हसल्या. वाकून त्यांनी बुटाच्या मागच्या बाजूने बोटं घातली. टाच आणि कातडं यांच्यामध्ये दोन बोटं आरामात गेली. बाईंनी ती बाहेर काढली आणि काही न बोलता लुगड्याला पुसली.

मग वहीची गोष्ट निघाली. थोरल्याने ऐकून घेतलं. चेहरा जेवढा लांब करायला हवा तेवढा केला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण आई, तूच म्हणायचीस. वही गेली की बघू."

"म्हणायचे खरी."

"शनिवारचं तिकीट आहे. मग?"

बाई शब्दाला पक्क्या हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बाईंना तर सगळ्यांत जास्त. कारागीर खाली ठोकत होता, त्याची हातोडी नेमकी थांबली.

"शनिवारला अजून चार दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "तू आंघोळ कर." आणि त्या जिन्याकडे वळल्या. खाली जाणाऱ्या नाही, वर जाणाऱ्या.

५

"तिकीटवाले, एक काम करा. थोरला राहतो तिथलं विमानतळ आणि आपलं, दोन्ही त्या डब्यात घाला. मधलं अंतर किती आणि वेळ किती ते मला सांगा."

तिकीटवाल्याच्या तोंडावर दिवाळी असावी असा उजेड पडला. चार महिन्यांत त्याला कुणी अंतर विचारलं नव्हतं. त्याने बाह्या सारल्या आणि खटाखट बटणं दाबली.

"बारा हजार चारशे किलोमीटर. आता वेळेचं असं आहे काकू, तिथे आपल्यापेक्षा घड्याळ मागे. आपल्याकडे रविवार सकाळ असते तेव्हा तिथे शनिवारच असतो. म्हणजे विमान शनिवारी सुटतं आणि..."

"तिथला वार तिथेच राहू द्या. विमानात बसलेल्याच्या पायांना वार कळत नाहीत. बसल्यापासून उठेपर्यंत किती तास?"

"चौदा तास तीस मिनिटं."

बाईंनी जवळची खुर्ची ओढली.

"पुन्हा सांगा."

"साडेचौदा तास. थेट विमान आहे. चार वर्षं झाली सुरू होऊन. आधी दोनदा विमान बदलावं लागायचं, वाटेत ताटकळत बसायचं, तेव्हा दीड-दोन दिवस सहज जायचे. आता सरळ. आपल्या घड्याळाने रविवारी सकाळी साडेनऊला सुटतं. दोनदा जेवण, मध्ये एक बिस्किटाचा पुडा."

"दोनदाच?"

"साडेचौदा तासांत माणूस किती खाणार काकू? दोन दिवसांचा प्रवास असेल तर पाच-सहा वेळा तरी द्यावं लागेल. बिचारे उपाशी मरतील."

बाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. रविवारी साडेनऊ. त्यात साडेचौदा. रविवार संपता संपता विमान जमिनीवर. विमानतळ ते घर दीड तास. आणि हा घरी आला मंगळवारी अकराला.

"सूनबाईचं माहेर बसने किती लांब हो?"

"अठरा तास. का?"

"काही नाही. ती वर्षातून दोनदा जाते आणि कधी कुरकुरत नाही, एवढंच."

खाली येताना बाई धाकट्याजवळ थांबल्या. एवढं सगळं जुळलं तरी त्यांना अजून आशा होती की काहीतरी चुकेल. आई असल्याची तेवढी शिक्षा असतेच.

"काय रे, काल किल्ली उजव्या बुटात सापडली. सूनबाई म्हणते तिने ठेवली नाही."

"उजव्यात?" धाकटा म्हणाला. "उजव्यात आपण दोन वर्षांपूर्वी ठेवायचो. उंदरांनी त्यात संसार थाटला म्हणून डाव्यात हलवली. ही आली ती त्यानंतर. तिला उजव्याचं काय माहीत?"

कारागीरही त्यानंतरचाच. बाईंनी डोळे मिटले. आता चुकायला काहीच उरलं नव्हतं.

६

चारला बाईंनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. धाकट्याला खुर्चीसकट उतरवलं, त्यात तिकीटवाल्याच्या पाठीचा कणा कुरकुरला. थोरला आंघोळ करून, विमानाचे बूट फटकवत आला. बाईंनी जमिनीवर खाकी कागद अंथरला.

"सगळ्यांची मापं झाली. तुझंच राहिलं. उभा राहा."

"आज? प्रवाशाचं दुसऱ्या दिवशी घेतेस ना?"

"हो. म्हणूनच आज."

थोरला अनवाणी कागदावर उभा राहिला. बाई खाली बसल्या. पेन्सिल टाचेपासून निघाली.

"एक बाई आहे," त्या म्हणाल्या, "तिला चोर सापडत नव्हता. किल्ली डाव्या बुटातून निघाली आणि उजव्यात परत गेली. काढताना चोराने शोधली असेल. ठेवताना मात्र घाईत हात जुन्या सवयीने चालला. घरातल्या नव्या माणसांना उजव्याची सवयच नाही. ती सवय असणारी माणसं तीन. एक मी. एक प्लास्टरात. तिसरा आभाळात."

पेन्सिल करंगळीला पोचली. पाय किंचित हलला.

"हलू नको, रेष बिघडेल. तिसऱ्याला दोन दिवस लागतात यायला, हे घरात पोरासोरांनाही माहीत. तिसऱ्यानेच सांगितलंय, अकरा वर्षं. म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेईना. पण दोन दिवसांत त्याला जेवण दोनदाच मिळालं. दोन दिवस बसून आलेल्याचे पाय या बुटांत गच्च बसायला हवे होते, तिथे माझी दोन बोटं गेली. सूज उतरायला एक पुरी झोप आणि एक दिवस लागतो. तो दिवस सोमवार."

"आई," थोरला म्हणाला.

"साडेचौदा तास लागतात. मी वर जाऊन विचारून आले."

तिकीटवाल्याने शिंक आवरली. सूनबाई कारागिराकडे बघत होती, कारागीर सूनबाईकडे, आणि दोघांच्या तोंडावर सुटकेचा एकच भाव होता.

"विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलो होतो," थोरला हळूच म्हणाला. "वही माझ्या बॅगेत आहे. चांगल्या शर्टात गुंडाळलीय. टाकून देणार नव्हतो आई. तू शब्द मोडत नाहीस, म्हणून वाटलं, वही नसली तर येशील. तिथे चार खोल्या आहेत. बायको नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, पोरगा हॉस्टेलला. मी एकटाच असतो आणि टीव्ही लावून जेवतो."

कारागीर हात धुऊन वर गेला आणि वही घेऊन आला. थोरल्याने ती उघडली तर पान आपोआपच निघालं. हॉटेलात ते बराच वेळ उघडं राहिलं असावं. एकात एक सात रेषा होत्या, आतली तळहाताएवढी, बाहेरची पूर्ण माणसाची. कडेला बापाच्या अक्षरात त्याचं घरातलं नाव आणि प्रत्येक रेषेचं वर्ष.

"हे पान असेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"सरळ विमान सुरू झालं ते का नाही सांगितलंस?"

"पहिल्यांदा राहून गेलं. मग लाज वाटायला लागली. सांगितलं असतं तर विचारलं असतंस, मग येत का नाहीस."

"विचारलंच असतं."

"त्याचं उत्तर नव्हतं माझ्याकडे."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सूनबाई आधार द्यायला पुढे आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं, आणि त्याच हाताने खिडकीजवळची भिंत दाखवली. "तुझं काचेचं कपाट तिथे बसेल. एकच. आणि त्या सँडलची शिवण आधी कारागिराकडून नीट करून घ्यायची, मग विकायची." मग त्या थोरल्यासमोर उभ्या राहिल्या. तो अजून कागदावरच होता, अनवाणी, रेषेच्या आत.

"आता माझं ऐक," त्या म्हणाल्या. "वडिलांच्या वेळी तुला खरंच दोन दिवस लागले, ते मी धरत नाही. वही चोरलीस ती पोटात घातली, कारण जपून गुंडाळलीस. पण चार वर्षं तू मला साडेचौदा तासांवरून उचलून दोन दिवसांवर नेऊन ठेवलंस, ते मी विसरणार नाही. शनिवारी मी येते. तिकीट परतीचं काढ, तीन आठवड्यांनी पोस्टमनचे बूट द्यायचेत. तिकीट वरच्या ह्यांच्याकडूनच काढायचं, त्यांचे पाय सुजलेत बसून. आणि इथून पुढे दर वर्षी तू यायचं. दारातून आत आलास की आधी हे विमानाचे बूट घालून मला दाखवायचे. गच्च बसले तर जेवायला वाढीन. सैल झाले, तर मधला दिवस कुठे होतास ते आधी सांगायचं, आणि मग जेवायचं."